एकरूप झाल्यावर भक्त उरतो का?

चांदूर बाजार तालुक्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी तान्हेपणीच गेली, तरी ३४ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी अफाट ग्रंथरचना केली. त्यांच्या मधुराद्वैताचा गाभा असा, की अद्वैताचे ज्ञान झाल्यावरही भक्ती संपत नाही. यावरचा आक्षेप जुनाच आहे : दोघे उरले तर अद्वैत कसले, आणि एकच उरला तर प्रेम कोणी कोणावर करायचे? एकत्व खरे असेल तर वेगळेपण खोटेच असले पाहिजे, हे या आक्षेपाने धरूनच चालले आहे. मला हे गृहीतच कच्चे वाटते. त्याविरुद्धचा एक पुरावा पदार्थविज्ञानात, तोही अगदी अरुंद जागी सापडतो.

इलेक्ट्रॉन हा फर्मिऑन आहे. एका अवस्थेत दोन फर्मिऑन राहू शकत नाहीत, हा पाउलीचा १९२५चा नियम. साध्या तारेत इलेक्ट्रॉन एकमेकांना चुकवून जातात, त्यामुळे प्रत्येकाची ओळख बरीचशी टिकते. पण वाट एकाच इलेक्ट्रॉनच्या रुंदीची असेल, तर दोन वावरांमधल्या धुऱ्यावरच्या रांगेसारखे होते. कोणी कोणाला ओलांडू शकत नाही. एकाला ढकलले की सगळी रांग हलते. अशा रांगेत कमी तापमानाला जे हलते ते एकेकटे इलेक्ट्रॉन नसून अख्ख्या रांगेच्या लाटा असतात, हे तोमोनागा (१९५०), लटिंजर (१९६३) आणि हाल्डेन (१९८१) यांच्या कामातून स्पष्ट झाले. उष्णतेची साक्ष तर विलक्षणच आहे. या रांगेची उष्माधारकता कमी तापमानाला केवल तापमानाच्या प्रमाणात वाढते. परस्परक्रिया नसलेले फर्मिऑन एकेक धरून हिशेब करा किंवा फक्त लाटा मोजा, आकडा तोच येतो. परस्परक्रिया आली की सूत्र तेच राहते, त्यातला लाटेचा वेग तेवढा बदलतो.

ही निव्वळ गणिती सोय आहे, असे कोणी म्हणेल. तसे असते तर प्रयोगात वेगळे काही दिसले नसते. प्रत्यक्षात विद्युतभाराची लाट आणि फिरकीची लाट वेगवेगळ्या वेगांनी जातात, आणि केंब्रिजच्या २००९च्या प्रयोगात त्यांच्या खुणा निरनिराळ्या दिसल्या. तरीही पाउलीचा नियम कुठेच स्थगित झालेला नाही. उलट, जागा वाटून घ्यायला दिलेला तो नकारच रांगेला ताठपणा देतो, आणि त्या ताठपणामुळे लाट उठते. इथे वेगळेपणच एकत्वाचे कारण आहे. असे फक्त एका मितीत घडते, हेही खरे. पण ‘दोन्ही एकत्र नांदूच शकत नाहीत’ हा दावा सार्वत्रिक आहे, आणि सार्वत्रिक दावा मोडायला एक उदाहरण पुरते.

वेदान्ती याहून नेमका आक्षेप घेईल : जडाची साक्ष चैतन्याला कशी लागू पडावी? ती लागू पडत नाहीच, हे मी मान्य करतो. महाराजांना हे आधीच ठाऊक होते, असे म्हणण्यालाही माझा विरोध आहे. त्यांच्या विचाराला असल्या प्रमाणपत्राची गरज नाही. मधुराद्वैत आत्मविरोधी आहे हा आक्षेप मात्र तर्काचा होता, आणि तर्क म्हणून तो टिकत नाही. ते सत्य आहे की नाही, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी वाचकाने महाराजांचे ग्रंथच उघडावेत.