सुपातले आणि ताटातले

माणसाने काय खावे याविषयी आपल्याकडे विपुल लेखन झाले आहे. काय खाऊ नये याविषयी त्याहून विपुल. पण पुढ्यात आलेले ताट नाकारण्याचा अधिकार माणसाला आहे काय, आणि असल्यास तो कितव्या वर्षी प्राप्त होतो, हा प्रश्न मला गेल्या मे महिन्यापर्यंत पडला नव्हता. तो पडला सुप्याला. पुणे-नगर रस्त्यावर, दुपारी दीड वाजता, पोटात कावळे कोकलत असताना.

आम्ही शिर्डीला निघालो होतो. पूर्वी शिर्डीला लोक नवस फेडायला जात. आता तिथे साईतीर्थ नावाचे थीम पार्क आहे, पाण्यात घसरायचे वॉटर पार्क आहे. म्हणजे एकाच डिझेलमध्ये अण्णांना दर्शन आणि नातवाला घसरगुंडी. असा हिशेब जुळला की माझ्यासारख्या बँकेतल्या कारकुनाचा जीव सुखावतो.

घोडनदी ओलांडली की नगर जिल्हा लागतो. अण्णांचा पारनेर तालुका तो. सुप्याजवळच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या दिसल्या तसे ते ताठ बसले. एका ढाब्यावर गाडी थांबवली.

आमचे चिरंजीव पंधरा वर्षांचे आहेत. त्यांना कांदा चालत नाही, कांदाभजी चालतात. टोमॅटो चालतो, पण तो दिसता कामा नये. दही चालते, दह्यातले काहीही चालत नाही. सही जुळली नाही म्हणून मी चेक परत करतो तेव्हा निदान कारण तरी लिहून देतो. हे गृहस्थ ताट परत करतात ते विनाकारण.

"सूप कुठलं आहे?" चिरंजीवांनी विचारले.

"सुप्यात सूप नाय मिळत," पोऱ्या म्हणाला. हे वाक्य तो दिवसातून बऱ्याचदा म्हणत असावा, कारण हसला नाही.

मग पिठलं, शेवभाजी, ठेचा, बाजरीच्या भाकरी आणि चिरंजीवांसाठी पनीर आले. पनीरच्या रश्शात कांदा होता. जिथे बाजार समितीत कांद्याच्या गोण्यांचे डोंगर लागतात, तिथे तो नसता तरच नवल! चिरंजीवांनी काट्याने एकेक फोड उचलून ताटाच्या काठाला लावायला सुरुवात केली. माझी आजी सुपात धान्य निवडायला बसायची, अगदी त्या एकाग्रतेने. आजी निवडायची त्याला नीटनेटकेपणा म्हणत. नातू निवडतो त्याला मी नखरे म्हणतो.

माझे डोके फिरले. मी बहात्तरचा दुष्काळ काढला. माझा जन्म १९८१ चा, पण १९७२ चे वर्णन मी प्रत्यक्षदर्शीच्या थाटात करतो.

"तुझे आजोबा तुझ्याएवढे होते तेव्हा याच तालुक्यात दुष्काळी कामावर खडी फोडत होते. मिलोची भाकरी खाऊन! केली का त्यांनी कधी तक्रार?"

"केली की," अण्णा म्हणाले.

मी थबकलो. साक्षीदार आपलाच असला तरी त्याला आधी पढवून ठेवावे, हे वकिलांचे तत्त्व मी विसरलो होतो.

"रोज करायचो. अमेरिकेची तांबडी ज्वारी ती, रेशनवर मिळायची. गार झाली की भाकर घशाखाली उतरत नव्हती. आईला म्हणायचो, उपाशी राहतो, पण ही नको."

"मग?" चिरंजीवांचा काटा हवेतच.

"मग काय. कामावर सुकडी वाटायचे, गोडसर असायची. आई तिच्या वाट्याची मला द्यायची, अन् माझी भाकर ती खायची."

कुणीच काही बोलले नाही. अण्णा ठेच्याला लागले.

माझा सिद्धांत असा होता, की आवडनिवड हे भरल्या पोटाचे चोचले. जात्यातले रडतात, सुपातले हसतात. तेव्हा सुपातल्याने गप जेवावे. आता कळले की जात्यातले मिलोलाही नावे ठेवत होते, आणि मी तरी त्यांना चूक कसे म्हणू? मी स्वतः शेपू खात नाही. लग्नाला अठरा वर्षे झाली, घरात शेपूची जुडी आलेली नाही. मला कुणी नखरेल म्हणत नाही. फार तर चोखंदळ म्हणतात. पिशवी घेऊन मंडईत जाणारा मी, त्यामुळे माझे नावडते ताटापर्यंत पोचतच नाही. चिरंजीवांच्या हाती अजून पिशवी आलेली नाही, एवढाच फरक.

तेव्हा अधिकार सगळ्यांनाच आहे, असे मानू. पण नाकारलेली भाकरी कुठे जाते? आमच्या घराण्यात ती एका बाईकडे गेली होती.

एवढ्यात सौ.ने चिरंजीवांचे ताट स्वतःकडे ओढले आणि काठावरचे कांदे सवयीने भाकरीवर घेतले. मी पाहतच राहिलो. हिला काय आवडत नाही, हे मला आठवेना. आठवेना कसले, मला माहीतच नव्हते.

"काय गं, तुला काय आवडत नाही?"

"आत्ता? इथे?"

"हो, इथे."

ती अण्णांकडे बघून संकोचली. मग हळूच म्हणाली, "शेवभाजी."

गेली अठरा वर्षे प्रत्येक ढाब्यावर मी सर्वांसाठी शेवभाजी मागवतो.

"अहो, तसं काही नाही, चालतं मला," ती घाईघाईने म्हणाली. चिरंजीवांनी पोऱ्याला हाक मारली होती.

"दहीभात मिळेल?"

"करून देतो."

"आईला एक."

चिरंजीवांनी ताट परत आपल्यापुढे घेतले. उरलेले कांदे ते खातील अशी मला क्षणभर आशा वाटली. त्यांनी ते कागदी रुमालात गुंडाळून ठेवले. सौ.ची शेवभाजीची वाटी सरकत सरकत माझ्या पुढ्यात आली. मी ती संपवली. जाळ तिखट होती.