टिपण्याचा अधिकार

मराठीतील 'टिपणे' हे क्रियापद मोठे विलक्षण आहे. पाखरू दाणे टिपते, शिकारी नेम धरून पाखरू टिपतो, कारकून मुद्दे टिपून घेतो आणि आता छायाचित्रकारही पक्षी टिपतो. सरकारी नोकरीत उभा जन्म टिपणे लिहिण्यात गेल्यामुळे असेल, आम्ही या शब्दापाशी जरा रेंगाळतो. पाखरू आपल्या भुकेपुरते टिपते. आपण टिपतो तेव्हा कोणाचे काय घेतो, हा प्रश्न मार्चच्या मध्यावर वढवाणा तलावाच्या बांधावर घालवलेल्या एका दिवसाने आमच्यापुढे उभा केला.

डभोईजवळचा हा तलाव सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९१० च्या सुमारास, शेतीच्या पाण्यासाठी बांधला गेला. पक्ष्यांचा विचार त्यात कोणी केला नसावा. तरीही ते आले, दर हिवाळ्यात येत राहिले आणि महसुली भाषेत सांगायचे तर वहिवाटीने त्यांचा हक्क बसला. २०२१ मध्ये रामसर यादीत समावेश झाल्याने त्यावर मोहोरही उमटली. (आपल्या घराण्यांचा या मुलखातला हक्क याहून फार निराळा आहे, असे आम्हांस वाटत नाही.)

आम्ही पाच निवृत्त मंडळी आणि दुर्बिणी दोनच. पांढऱ्या कपाळाचे काळे वारकरी, चपट्या चोचीचे थापटे, आणि दूर पाणथळीत डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारे पट्टकदंब हंस. हे हंस उन्हाळ्याच्या तोंडाशी हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियातील उंचावरच्या सरोवरांकडे वीण घालायला जातात. त्या प्रवासाची शिदोरी म्हणजे अंगावरची चरबी, आणि ती साठवण्याचे हे दिवस. बांधावर मात्र काही उत्साही लोक टाळ्या वाजवत होते, कारण थवा उडाल्याशिवाय चित्राला शोभा येत नाही. प्रत्येक टाळीगणिक त्या शिदोरीतले थोडे खर्ची पडत होते.

पुढे कोरड्या काठावर टिटवी आकांत करताना दिसली. टिटवी घरटे बांधत नाही. खडेमातीच्या खळग्यात तीन-चार अंडी घालते. मातीत मिसळणारा त्यांचा रंग हेच त्यांचे संरक्षण. ऊन तापले की ती अंड्यांवर सावली धरून उभी राहते, पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि त्या ओलाव्याने अंडी निववते. त्या अंड्यांपासून चार हातांवर एक तरुण भले मोठे भिंग रोखून पालथा पडला होता. वीस मिनिटे तो हलला नाही आणि टिटवीला खाली उतरता आले नाही. अखेर उठून त्याने आम्हांला चित्र दाखवले. "काका, काय ॲक्शन मिळाली बघा!" पंख फाकलेले, चोच उघडी, डोळा लखलखता. चित्र अप्रतिम होते, हे नाकारणे खोटेपणाचे ठरेल. आमच्यातील एकाच्या तोंडून "वाहवा" निघूनही गेले. ती ॲक्शन म्हणजे एका आईची भीती होती.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करणेही धरले आहे. ज्याने जन्मात बंदूक हाती घेतली नाही तोही त्या अर्थाने शिकारी ठरू शकतो. पण कायद्याचे कलम दाखवून हा प्रश्न मिटेल असे आम्हांस वाटत नाही. कलमांचे सामर्थ्य आम्ही जवळून पाहिले आहे.

कॅमेऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. सालिम अली बालपणी छर्‍याच्या बंदुकीने पिवळ्या गळ्याची चिमणी मारतात, ती ओळखून घेण्यासाठी मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत जातात आणि तेथून त्यांचे पक्षिजीवन सुरू होते. त्या काळी पक्षी ओळखायचा तर बहुधा मारूनच ओळखत. कॅमेऱ्याने ही हत्या टाळली, शिवाय कित्येक मुलांना पाखरांचा लळा लावला. मग आमचे गाऱ्हाणे कशाबद्दल? बंदुकीने केलेले नुकसान हातात दिसे. रक्ताने माखलेले, निपचित. छायाचित्रात नुकसान दिसतच नाही. अंडी पुढे फुटली की नासली, हे चौकटीच्या बाहेर राहते. म्हणून हा प्रश्न टिपणाऱ्याइतकाच पाहणाऱ्याचाही आहे. दाद आपण देतो, आणि दाद मिळाली की पुढच्या वर्षी त्या खळग्याभोवती दहाजण पालथे पडतात. पक्ष्याने चरणे थांबवून मान वर केली की पाऊल थांबवावे. अंतर किती, ते भिंगाने नव्हे, पक्ष्याने ठरवावे.

तेच चित्र पुढे आमच्या मंडळाच्या प्रदर्शनासाठी आले. कला कलेच्या निकषावर तोलावी, असे काही सभासदांचे म्हणणे. ते अगदीच टाकाऊ नव्हते. आम्ही मात्र अडून बसलो आणि घरट्यापाशी घेतलेली चित्रे स्वीकारली जाणार नाहीत, अशी ओळ अर्जात घालून घेतली. तो तरुण रुसला, पण दुसरे चित्र घेऊन आला : विस्तीर्ण पाणी आणि त्यात बोटाच्या पेराएवढा एक वारकरी, पाठमोरा, आपल्या चरण्यात गढलेला. ते आम्ही दाराजवळच्या भिंतीवर लावले. त्यापुढे फारसे कोणी थांबले नाही.