खेळाच्या तासाची शिस्त

खेळाचा तास म्हणजे अभ्यासातून सुटका, ही समजूत आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ घरांत अजून आहे. गणिताच्या तासाला मुलाने काय करावे हे आपण ठरवून देतो. मैदानावर मात्र ‘जा, खेळा’ एवढेच सांगितले जाते. मग धटिंगण मुले मैदान घेतात व बाकीची भिंतीकडेला उभी राहतात. याउलट काही ठिकाणी नुसता हुकूम चालतो. रांग चुकली की मैदानाला पाच फेऱ्या. ख्रिस्ती शिक्षकाने यांपैकी कोणती वाट धरावी? संडे स्कूलची सहल किंवा सुटीतील पवित्र शास्त्र शाळा चालविणाऱ्यांनाही हा प्रश्न चुकत नाही.

जे मूल ‘मला खेळायचे नाही’ म्हणते, त्यास खेळावयास लावावे काय? मत्तयाच्या ११ व्या अध्यायात प्रभूने बाजारात बसलेल्या मुलांची उपमा दिली आहे. ती पावा वाजवितात, तरी सोबती नाचत नाहीत. विलाप करितात, तरी सोबती रडत नाहीत. ही उपमा त्या पिढीच्या हट्टासाठी होती हे खरे. पण मुलांचे खेळ व त्यांतली भांडणे प्रभूने पाहिली होती, याचे आम्हांस नेहमी कौतुक वाटते.

तथापि न खेळणारे प्रत्येक मूल हट्टी नसते. चौथीतला मुलगा दर खेळाच्या तासाला पोट दुखते म्हणतो, तेव्हा त्याचे दुखणे बहुधा मागल्या आठवड्यातले असते. दोन कप्तानांनी एकेक गडी निवडला, आणि शेवटी ‘हा तुम्हालाच राहू द्या’ म्हणून तो उरला. गट शिक्षकानेच पाडावेत. त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत. संगीत खुर्चीसारख्या बाद करण्याच्या खेळांचेही तसेच. जे मूल मंद, ते प्रथम बाद होते. म्हणजे ज्याला व्यायामाची गरज अधिक, तेच अधिक वेळ बसून राहते. नील विल्यम्स या अमेरिकन शिक्षकाने १९९२ साली अशा खेळांची एक यादीच छापून शाळांना विचार करावयास लावले. आपल्याकडे लंगडीत बाद झालेल्या मुलाने दहा उड्या मारून पुन्हा आत यावे, एवढा फरक केला तरी पुरे.

म्हणून आमचे मत असे की, भाग घेणे सर्वांस बंधनकारक असावे, पण माप सर्वांस एक नसावे. तालांतांच्या दाखल्यात दोन तालांतवाल्याला पाचवाल्याइतकीच शाबासकी मिळाली, हे आपण उपदेशात सांगतो आणि मैदानावर विसरतो.

नियम मात्र खेळापूर्वी सांगितलेले असावेत. ईश्वरविज्ञान शिकलेल्या जेम्स नेस्मिथने १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डच्या वाय.एम.सी.ए. शिक्षणसंस्थेत बास्केटबॉल सुरू केला, तो एका दांडगट वर्गासाठी. त्याने तेरा नियम लिहून आधी फलकावर लावले. धक्काबुक्की दुसऱ्यांदा केली, तर पुढचा गोल होईपर्यंत बाहेर. मुद्दाम इजा केली, तर मात्र संपूर्ण खेळ बाहेर. पहिल्या शिक्षेला शेवट आहे, आणि परत येण्याची वाट ठरलेली आहे. रागाच्या भरात शिक्षा देणारा शिक्षक नेमके हेच सांगावयाचे विसरतो.

फेऱ्यांची शिक्षा आम्हांस मुळीच पसंत नाही. धावण्यात आनंद आहे असे एकीकडे शिकवावे आणि दुसरीकडे धावणे हीच शिक्षा करावी, हे कसे? शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. गणित चुकले म्हणून खेळाचा तास काढून घेणे हे तर फारच सोपे झाले आहे. खेळ चुकला म्हणून गणिताचा तास कोणी काढून घेतल्याचे आमच्या ऐकिवात नाही!

राहिला मुलींचा प्रश्न. चेंडू मुलांकडे आणि मुली बाकावर, हे चित्र आपल्या सहलींतही दिसते. जखऱ्याच्या ८ व्या अध्यायात पुन्हा वसलेल्या यरुशलेमेचे वर्णन आहे. तिच्या चौकांत काठी टेकीत बसलेले म्हातारे व म्हाताऱ्या आहेत, आणि रस्त्यांत खेळणारे मुलगे व मुली, दोन्ही आहेत. येत्या सहलीला चेंडू प्रथम कोणाच्या हाती द्यावयाचा, हे शिक्षकांनी बस सुटण्यापूर्वी ठरवावे.