फिरत्या शिक्षकाची फी

रायपुरात घरोघरी जाऊन योग शिकवणे हा गेली अकरा वर्षे माझा व्यवसाय आहे. ‘व्यवसाय’ हा शब्द मी जाणून वापरते, कारण पुष्कळांना तो खटकतो. गाणे, गणित किंवा इंग्रजी शिकवणाऱ्याला फीचे कारण कोणी विचारत नाही. मला मात्र पहिल्याच फोनवर विचारतात, “मैडम, योग का भी पैसा लगता है?” विचारणारा कंजूषच असतो असे नाही. ऋषींनी जे फुकट दिले त्याची पावती फाडणे त्याला मनापासून गैर वाटते. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. तो फार जुना आहे आणि त्यात तथ्यही आहे. ते नेमके कुठे आहे, एवढेच इथे शोधायचे आहे.

आधी हे काम मिळते कसे ते सांगते. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात कोणीतरी आपल्या आईची कंबर आता बरी असल्याचे सांगते. मग शंकरनगरातून फोन येतो, तिथून देवेंद्रनगर, कधी लोकलने भिलाई. सकाळी साडेपाच ते नऊ एवढाच खरा वेळ. त्यात किती घरे बसतात यावर महिना ठरतो. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र असले की दार लवकर उघडते, पण पुढचे घर मिळते ते तोंडी शिफारशीवरच. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१४ मध्ये २१ जून हा योग दिन ठरवला. तेव्हापासून जूनच्या तिसऱ्या आठवड्यात शाळा, कार्यालये, कॉलन्या सगळ्यांना एकदम शिक्षक हवा असतो. बावीस तारखेला कोणालाच नको असतो.

आता आक्षेपाकडे वळू. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला कोणाला बोलावू नये याची यादी आहे. त्यात वेतन घेऊन शिकवणारा आहे आणि वेतन देऊन शिकणाराही आहे. पण त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात शिक्षण संपल्यावर शिष्याने गुरूला काय द्यावे हेही सांगितले आहे : जमीन, सोने, गाय, घोडा, छत्री, जोडे, धान्य. म्हणजे देणेघेणे मान्य आहे. आधी ठरवलेला सौदा मान्य नाही. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त दोन नाट्याचार्यांचे भांडण आहे. त्यांपैकी एक जण म्हणतो की, ज्याची विद्या केवळ पोटासाठी असते तो विद्येचा व्यापारी. गंमत अशी की, हे बोलणारा गणदास स्वतः राजाचा पगारी नोकर आहे आणि विदूषक त्या दोघांच्या पगारावरूनच टोमणा मारतो. तरीही गणदासाला मी ढोंगी म्हणणार नाही. त्याच्या वाक्याचा सगळा भार ‘केवळ’ या शब्दावर आहे.

ग्रीसमध्ये हाच वाद गावोगाव फिरून शिकवणाऱ्या सोफिस्टांवरून झाला. प्लेटोने रंगवलेला प्रोटॅगोरस सांगतो की, माझी फी एखाद्या शिष्याला जास्त वाटली तर त्याने देवळात जावे, शिकलेल्याची किंमत आपल्या मते किती ते शपथेवर सांगावे आणि तेवढीच द्यावी. सॉक्रेटिस फी घेत नसे. त्याचे जे कारण झेनोफनने नोंदवले आहे ते मला फार महत्त्वाचे वाटते. पैशाने विद्या विटाळते असे तो म्हणत नाही. फी घेणारा माणूस स्वतःला गुलाम करून घेतो, कारण जो पैसे देईल त्याच्याशी त्याला बोलावेच लागते, असे त्याचे म्हणणे होते. म्हणजे प्रश्न पावित्र्याचा नाही, शिक्षकाच्या मोकळेपणाचा आहे.

रायपूरला हा प्रश्न परका नाही. १८७७ मध्ये चौदा वर्षांचा नरेंद्रनाथ दत्त वडिलांच्या कामामुळे या गावी आला. रेल्वे नागपूरपर्यंतच होती, पुढचा प्रवास बैलगाडीचा. सुमारे दोन वर्षे तो इथे राहिला. आज बूढा तालाबाला आणि विमानतळाला त्याचेच नाव आहे. पुढे विवेकानंद म्हणून अमेरिकेत गेल्यावर तो एका अर्थाने योगाचा फिरता शिक्षकच झाला, आणि पैशाचा पेच त्यालाही पडला. शिकागोच्या एका व्याख्यान-संस्थेशी केलेला करार त्याने १८९४ मध्ये सोडला. १८९५ मध्ये न्यूयॉर्कला त्याने वर्ग चालवले ते विनामूल्य. खर्च भागवायला इतर विषयांवरची व्याख्याने होती. ‘राजयोग’ हे पुस्तक याच वर्गांतून तयार झाले. पोट एकीकडे आणि विद्या दुसरीकडे, अशी वाटणी त्याने केली.

आमच्या शेजारच्या नागपुरात जनार्दनस्वामींनी दुसरा मार्ग काढला. त्यांनी घराघरांत जाऊन आसने शिकवली, मोबदला घेतला नाही, आणि त्यांच्या नावाचे योगाभ्यासी मंडळ आजही निःशुल्क वर्ग चालवते. त्यांनी गरजाच इतक्या कमी केल्या की, पैसे देणाऱ्याची सत्ता त्यांच्यावर चालेना. त्यांच्यापुढे मी मान लववते. पण हा मार्ग संन्याशाचा आहे. शिक्षकाने फुकटच शिकवावे असा नियम केला तर शिकवायला कोण उरेल? संन्यासी, पेन्शनर आणि ज्यांचे घर दुसरे कोणी चालवते ते. घरभाडे भरणारी बाई त्यात बसत नाही. फुकट विद्येचेही पैसे कोणीतरी भरतच असते. फक्त त्याचे नाव पावतीवर नसते.

तिसरे उदाहरण पुण्याचे. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये सहा महिन्यांसाठी तिथे शिकवायला आले. वय अठरा, मराठी येत नव्हती. पुढे काम आटले तेव्हा पोटभर जेवणाचीही भ्रांत पडली, हे त्यांनीच सांगून ठेवले आहे. १९५२ मध्ये व्हायोलिनवादक येहुदी मेन्युइन भेटले आणि दोन वर्षांनी स्वित्झर्लंडचे दार उघडले. ते गृहस्थ होते, फीवर जगले. म्हणून त्यांची विद्या केवळ पोटासाठी होती असे म्हणायला कोणाची जीभ रेटणार नाही.

मग ‘केवळ’ ओळखायचे कसे? माझ्या मते फीच्या आकड्यावरून नाही. योगशिक्षकाच्या धंद्यात एक गाठ मुळातच आहे. शिष्य स्वतःचा स्वतः अभ्यास करू लागला की माझे काम यशस्वी झाले, आणि त्याच दिवशी माझे उत्पन्न बुडाले. ‘आता तुम्हाला माझी गरज नाही’ हे वाक्य मला दर वेळी काही हजारांना पडते. ते गिळून टाकणे सोपे असते, कारण गिळल्याचे कोणाला कळत नाही. एखादे नवे आसन काढावे, एखादी चूक मोठी करून दाखवावी, की आणखी सहा महिने निघतात. पतंजलींनी यमांमध्ये सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह सांगितले आहेत. अपरिग्रहावरून लोक आम्हाला तपासतात. खरी परीक्षा मात्र पहिल्या दोहोंत होते.

समता कॉलनीत माझे एक विद्यार्थी होते, सत्तरी ओलांडलेले, पत्नी निवर्तलेल्या. वर्षभरात त्यांचा अभ्यास पक्का झाला. मी म्हटले, “काकाजी, आता मी पंधरा दिवसांतून एकदा येईन, रोजची गरज नाही.” ते गप्प झाले. मग म्हणाले, “बेटी, कोई नाराज़गी?” पुढच्या महिन्यापासून त्यांनी दुसरा शिक्षक लावला, रोज येणारा. त्यांना सकाळी सहाला दारावरची बेल वाजायला हवी होती. आसने हे निमित्त होते.

या प्रसंगाने मला पुष्कळ दिवस विचारात पाडले. मी पैसे सोडले, पण त्यांना हवे ते दिले नाही. मग माझ्या खरेपणाचा त्यांना काय उपयोग झाला? हळूहळू एक गोष्ट स्पष्ट झाली. ते वाक्य बोलणे हे माझे कर्तव्य होते. त्यानंतर काय विकत घ्यायचे हा निर्णय त्यांचा होता. आता ते जाणून घेतात की, आपण सोबतीचे पैसे देतो. त्या नव्या शिक्षकाच्या फीतही मला काही गैर दिसत नाही. सोबत विकणे पाप नाही. तिला योगाची गरज असे नाव देऊन विकणे ही चोरी झाली असती.

म्हणून हल्ली मी पहिल्याच दिवशी फीबरोबर मुदतही सांगते : तुमच्या गुडघ्याला सहा महिने, तुमच्या श्वासाला वर्ष. मुदत चुकू शकते, वाढू शकते, पण ती दोघांना माहीत असते. याचा परिणाम असा की, मला सतत नवे घर शोधावे लागते. नातेवाईक म्हणतात, एवढ्या वर्षांत एका जागी बस्तान बसायला हवे होते. मला तसे वाटत नाही. परिव्राजकाने पावसाळा सोडून एका जागी राहू नये असा जुना दंडक होता, तो आसक्ती जडू नये म्हणून. माझे कारण त्याहून साधे आहे. ज्या घरातले काम झाले तिथे थांबून राहायला मला काहीतरी खोटे बोलावे लागेल. त्यापेक्षा स्कूटर काढून पुढच्या कॉलनीत जाणे स्वस्त पडते.