मंद कोणाला म्हणावे?

दोष देण्याच्या बाबतीत माझा उरक दांडगा आहे. सकाळच्या चहाला उशीर झाला, की तो हिच्यामुळे झाला हे मी अंथरुणातच ठरवून टाकतो. गॅस संपला होता, दूधवाला आला नव्हता, असल्या फुटकळ गोष्टी नंतर कळतात. तोवर निकाल लागलेला असतो आणि एकदा दिलेला निकाल फिरवायची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

या सवयीला पहिला धक्का बसला तो आमच्या आळीतल्या वाचनालयामुळे. मी तिथला चिटणीस आहे. म्हणजे वर्गणी मागायला मी आणि हारतुरे घ्यायला अध्यक्ष. दोन वर्षांपूर्वी सभासदांना पुस्तकांची यादी घरबसल्या दिसावी असा ठराव झाला आणि माझ्या भाचीने तसा प्रोग्राम लिहून दिला. फुकट. फुकट काम करणाऱ्याला नावं ठेवताना कार्यकारिणीला एक वेगळाच हुरूप येतो, हे मला पुढे कळलं.

प्रोग्राम पायथॉन नावाच्या भाषेत होता. नाव ऐकून अध्यक्ष दचकले. वाचनालयाला उंदरांचा त्रास आहे खरा, पण म्हणून अजगर पाळायचा? भाचीने खुलासा केला, की गिदो व्हॅन रॉसम नावाच्या डच गृहस्थांनी ही भाषा १९९१ साली जगापुढे ठेवली आणि तिला नाव दिलं ते ‘मॉन्टी पायथॉन’ या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून. बारशालाच विनोद आहे म्हटल्यावर माझा त्या भाषेवर जीव जडला.

पण यादीचं पान उघडायला आठ-साडेआठ सेकंद लागू लागले. तसे आठ सेकंद म्हणजे काही फार नव्हेत. आमच्याच वाचनालयात एकेका पुस्तकासाठी मी आठ-आठ महिने थांबलेलो आहे. पण पडद्यापुढे बसलेल्या माणसाचा सेकंद निराळा असतो. तिसऱ्या सेकंदाला तो भुवया उंचावतो, पाचव्याला माउस आपटतो आणि सातव्याला चिटणिसाला फोन करतो.

सभा भरली. खजिनदार म्हणाले, मोठा सर्व्हर घ्या. आणि देणग्यांच्या यादीत माझं नाव घालून मोकळे झाले. ज्यांचे जावई ‘कम्प्युटरमध्ये’ आहेत असे एक सभासद म्हणाले, “पायथॉन मुळातच स्लो. सगळं दुसऱ्या भाषेत लिहून घ्या.” अध्यक्ष नुसतेच म्हणाले, “मुलगी अजून लहान आहे हो.” हे वाक्य बोलायला सौम्य, पण त्यात सगळं आलं. मी त्या मुलीचा सख्खा मामा. मीसुद्धा मान डोलावली.

रविवारी ती आली तेव्हा मी हा सगळा वृत्तान्त तिच्या कानावर घातला. तिने एकच विचारलं, “मामा, मोजलंय का कोणी?”

“मोजलंय की! साडेआठ सेकंद.”

“किती ते मोजलंत. कुठे गेले ते?”

मी गप्प. वेळ जातो एवढंच मला माहीत. तो कुठे जातो हे विचारायचं असतं, हे बत्तीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी सांगितलं नव्हतं.

सी-प्रोफाइल नावाचं एक अवजार पायथॉनबरोबर आयतंच येतं. ते वही घेऊन प्रोग्रामच्या मागे उभं राहतं आणि कोणी किती वेळ घेतला ते टिपून ठेवतं. त्याच्या उभं राहण्याने काम आणखी थोडं मंदावतं. साहजिकच आहे; तपासणीच्या दिवशी कुठल्या ऑफिसात काम होतं? त्या वहीत तीन रकाने महत्त्वाचे. याला किती वेळा बोलावलं, याचा स्वतःचा वेळ किती, आणि एकूण वेळ किती. एकूण वेळात त्याने ज्यांना ज्यांना कामाला लावलं, त्यांचाही वेळ धरलेला असतो.

एकूण वेळाच्या रकान्यात पान तयार करणारं फंक्शन जवळजवळ सगळ्यांच्या वर बसलं होतं. ८.४ सेकंद! “सापडला चोर!” मी ओरडलो.

“शेजारचा रकाना वाच,” ती म्हणाली.

स्वतःचा वेळ : सेकंदाचा शंभरावा भागसुद्धा नाही. बाकी सगळा वेळ ते बिचारं नुसतं थांबलं होतं.

कोणासाठी थांबलं होतं, तेही खाली होतं. डेटाबेसकडे ४०१ खेपा झाल्या होत्या. यादीत पुस्तकं ४००. पहिल्या खेपेत प्रोग्रामने पुस्तकांची नावं आणली. मग पहिल्या पुस्तकाचा लेखक कोण, हे विचारायला एक खेप. दुसऱ्याचा कोण, म्हणून दुसरी. असं ४०० वेळा. डेटाबेस दुसऱ्या शहरातल्या यंत्रावर होता. एका खेपेला सेकंदाचा पन्नासावा भाग लागे. कोणी म्हणेल, एवढासा वेळ! पण ४०० खेपांचे आठ सेकंद होतात, हा हिशेब चौथीतला आहे. लिहिताना तिच्या लॅपटॉपवर डेटाबेस शेजारीच होता आणि पुस्तकं होती दहा. तिथे हे कळायला वावच नव्हता. या दुखण्याला त्या लोकांत ‘एन प्लस वन’ म्हणतात.

“म्हणजे तुझ्या मामांचा बाजार,” स्वयंपाकघरातून आवाज आला. “कोथिंबिरीला एकदा, लिंबाला एकदा, आणि आल्याला पुन्हा एकदा.”

“यादी एकदम सांगितलीस तर ना!” मी म्हणालो. त्या क्षणी मला त्या प्रोग्रामबद्दल जी आपुलकी वाटली, ती शब्दांत सांगता येणार नाही.

भाचीने एका ओळीत ‘सिलेक्ट रिलेटेड’ एवढी भर घातली. तिचा मथितार्थ असा, की पुस्तक आणायला जातोच आहेस तर त्याच्या नातेवाइकांनाही सोबत घेऊन ये. पान अर्ध्या सेकंदाच्या आत उघडलं. नवा सर्व्हर घेतला असता, तर तो जुन्यापेक्षा अधिक दिमाखात थांबला असता. भाषा बदलली असती, तरी वाट पाहण्याचे आठ सेकंद कुठल्याही भाषेत आठच.

“चूक माझीच होती,” ती म्हणाली. पाऊस थांबला म्हणावं, इतक्या सहज.

जाता जाता तिने सांगितलं, की डोनाल्ड कनूथ या प्राध्यापकांनी १९७४ सालीच लिहून ठेवलंय : मोजायला बसलं, की वेळ कुठे जातो याबद्दलचे प्रोग्रामरांचे अंदाज चुकतात, असा सार्वत्रिक अनुभव आहे. आमच्या ऑफिसात साहेबांचे अंदाज कधीच चुकले नाहीत. कारण आम्ही मोजायला बसलोच नाही.

इथे हा लेख संपायला हरकत नव्हती. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

१९८७ साली माझ्या हाताखाली एक कारकून होता. गरीब, अबोल. त्याच्या टेबलावर प्रकरणं आठ-आठ दिवस पडून राहत. त्याच्या गोपनीय अहवालात मी लिहिलं, ‘कामाचा उरक कमी. स्वभावतः मंद.’ ‘स्वभावतः’ हा शब्द मला विशेष आवडला होता. त्याची बढती दोन वर्षं मागे पडली.

आता अंधारात पडल्या पडल्या मी त्याचे रकाने भरू लागलो. प्रत्येक प्रकरणाला जुन्या फायली लागत. रेकॉर्ड रूम तळमजल्यावर, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. आणि नियम असा, की एका चिठ्ठीवर एकच फाईल मिळायची. ती परत केल्याशिवाय दुसरी नाही. त्याचा स्वतःचा वेळ किती होता? देव जाणे. एकूण वेळ तेवढा मी पाहिला होता. आणि तो चिठ्ठीचा नियम? एकदा एक फाईल गहाळ झाली, म्हणून तो काढला होता. परिपत्रकाखाली सही माझी होती.

नकळत झालं, असं म्हणता येईल. भाचीकडूनही नकळतच झालं होतं. पण पान मंद झाल्यावर तिने स्वतःची वही उघडली. मी त्याची उघडली. नकळत झालेल्या चुकीला माफी असेल. पण कळून घ्यायची तसदीच घेतली नाही, त्याला काय म्हणायचं? याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

महिन्याभराने त्याचा नंबर मिळवला. आता गावी असतो. आवाज तोच, हळू. मी अहवालाचं सांगितलं, चिठ्ठ्यांचं सांगितलं. क्षमा हा शब्द घशात अडकत अडकत उच्चारला.

“जाऊ द्या साहेब,” तो म्हणाला. “तेव्हा गुडघे धड होते.”

“दिवसातून किती खेपा व्हायच्या रे?”

“ते कुठं मोजलं साहेब! पायऱ्या मात्र ५९ होत्या.”

त्याच इमारतीत मी बावीस वर्षं काढली. पण मला आठवते ती फक्त लिफ्ट. ती आम्हा साहेबांसाठी होती.