गेमाराच्या पानावर अडलेले मूल

ऑर्थोडॉक्स यहुदी शाळेतला दहा-अकरा वर्षांचा मुलगा पहिल्यांदा गेमारा उघडतो, तेव्हा समोर येणारे पान मोठ्या माणसालाही धडकी भरवणारे असते. मधोमध मिश्ना, म्हणजे मौखिक धर्मनियमांचा संग्रह, आणि तिच्यावरची चर्चा, म्हणजे गेमारा. आतल्या कडेला अकराव्या शतकातले भाष्यकार राशी यांची टीका, बाहेरच्या कडेला राशींच्या जावई-नातवांपासून सुरू झालेली तोसाफोत ही भाष्ये. व्हेनिसमध्ये डॅनियल बॉम्बर्गने १५२० ते १५२३ या काळात संपूर्ण तालमूद, म्हणजे मिश्ना आणि गेमारा मिळून होणारा ग्रंथ, छापला, तेव्हा रूढ झालेली ही मांडणी आजही तीच आहे. भाषा अरामी आणि हिब्रू यांची सरमिसळ. स्वरचिन्हे नाहीत, पूर्णविराम नाहीत, प्रश्नचिन्ह नाही. प्रश्न कुठे संपला आणि उत्तर कुठे सुरू झाले, हे वाचणाऱ्याने ओळखायचे. त्यात राशींची टीका वेगळ्याच वळणाच्या अक्षरांत.

या पानावर अडणारी मुले पुष्कळ असतात, आणि त्यांना फार लवकर ‘ढ’ ठरवले जाते याचे मला मनापासून वाईट वाटते. येशिवाच्या, म्हणजे तालमूदच्या उच्च विद्यालयाच्या, वाटेवरच्या शाळांत दिवसाचे ताजे तास गेमारासाठी राखलेले असतात. मुलाची घरातली, समाजातली पतही त्यावर ठरते. गणितात कच्चा असलेला मुलगा फक्त गणितात कच्चा असतो. गेमारा न जमणाऱ्याला मात्र आपण धर्मालाच कमी पडलो असे वाटू लागते. खुद्द मिश्नातला ‘पिर्के आवोत’ तालमूदसाठी पंधरावे वर्ष सांगतो. सोळाव्या शतकात प्रागच्या महाराल या धर्मपंडितानेही मुलांना मिश्नाचा पाया न घालता तालमूदमध्ये ढकलण्यावर कडक टीका केली होती. शाळांनी ती फारशी मनावर घेतली नाही.

मुलाचे नेमके काय अडते, हे जवळून पाहायला हवे. अनेक शाळांत सुरुवात तालमूदच्या ‘बावा मेत्सिया’ या भागाच्या दुसऱ्या अध्यायाने होते. विषय सापडलेल्या वस्तूंचा. रस्त्यात विखुरलेली फळे किंवा नाणी सापडली तर ती ठेवून घ्यावीत, की दवंडी पिटून मालक शोधावा? मालकाने आशा सोडली असेल तर वस्तू सापडणाऱ्याची. पण वस्तू हरवल्याचे मालकाला अजून कळलेच नसेल तर? इथे तालमूदातल्या दोन पंडितांचा वाद आहे. रावा म्हणतो, कळल्यावर तो आशा सोडणारच आहे, म्हणून आत्ताच सोडली असे धरा. अबाये म्हणतो, जे त्याला ठाऊकच नाही त्याची आशा तो कशी सोडेल? हा वाद दहा वर्षांच्या कुठल्याही मुलाला तोंडी सांगा, तो हिरिरीने बाजू घेईल. निर्णय अबायेच्या बाजूने लागतो हे कळले की रावाच्या वतीने भांडेलही. म्हणजे बुद्धी शाबूत आहे. अडते ते पान. एका मुलाचे डोळे अक्षरांवर ठेचकाळतात. दुसऱ्याकडे अरामी शब्दच नाहीत. तिसऱ्याला प्रत्येक शब्द येतो, पण आत्ता वाचलेले वाक्य पुढच्याच ओळीत खोडून काढण्यासाठी आणले आहे, हे उमगत नाही; त्याला तो निर्णयच वाटतो. तिघांना औषध वेगवेगळे लागते आणि वर्गात तिघांनाही एकच धडा मिळतो.

ऑनलाइन शिकवणीचे मोल मला इथे दिसते. एक शिक्षक, एक मूल, पडद्यावर दोघांसमोर तेच पान. मूल मोठ्याने वाचते आणि शिक्षक प्रत्येक वाक्यापाशी विचारतो: हे कोण बोलतंय? प्रश्न आहे की उत्तर? प्रश्नाला एक रंग, आक्षेपाला दुसरा, पुराव्याला तिसरा. ‘ता श्मा’ हे शब्द दिसले की पुरावा येतोय, हे मूल हळूहळू स्वतःच सांगू लागते. चुकले तर हसायला बाकावर कोणी नसते. साधनेही आता हाताशी आहेत. अदिन स्टाइनझाल्ट्झ यांनी १९६५ पासून २०१० पर्यंत खपून स्वरचिन्हे आणि विरामचिन्हे घातलेला तालमूद सिद्ध केला. सेफारिया या संकेतस्थळावर भाषांतरासह मजकूर फुकट मिळतो. पण शेजारी भाषांतर उघडे असले की मूल भाषांतरच वाचते, आणि महिनाभरात सगळे समजल्यासारखे वाटूनही मूळ पान जिथल्या तिथे राहते. मुलाची स्वतःची धडपड होईपर्यंत भाषांतर झाकून ठेवणारा शिक्षकच मला खरा वाटतो.

ही परंपरा मुळात जोडीने शिकण्याची आहे. हाव्रुता म्हणजे अभ्यासातला जोडीदार, जो तुमचे म्हणणे तपासतो, अडवतो. तालमूदातल्या गोष्टीत जोडीदार रेश लाकिश गेल्यावर राबी योहानान खचले, कारण नवा सोबती प्रत्येक विधानाला दुजोराच देत असे आणि रेश लाकिश चोवीस आक्षेप घेत असत. म्हणून नुसती व्याख्याने ऐकवणारी, ध्वनिफिती पाठवणारी शिकवणी कितीही गोड असली तरी गेमाराची नव्हे.

तालमूदच्या ‘एरुविन’ या भागातली राव प्रेदा या गुरूंची गोष्ट तर प्रत्येक शिकवणीवाल्याने पाठ करावी. त्यांच्या एका शिष्याला प्रत्येक धडा चारशे वेळा सांगावा लागे. एके दिवशी चारशे वेळा सांगूनही त्याला येईना. कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, कुणीतरी येऊन तुम्हाला एका धर्मकार्याचे निमंत्रण दिले, तेव्हापासून गुरुजी आता उठतील, आता उठतील, असेच मला वाटत राहिले. राव प्रेदांनी त्याला पुन्हा चारशे वेळा शिकवले. अडलेल्या मुलाचे मन याहून अचूक कुणी टिपल्याचे मला माहीत नाही. तासाला मोबदला मोजणाऱ्या शिकवणीत पडद्याच्या कोपऱ्यातले घड्याळ नेमकी हीच भीती घालते.

आणि मोबदला हाच माझ्या मते खरा प्रश्न. तालमूदचा ‘बावा बात्रा’ हा भाग सांगतो की पूर्वी बाप मुलाला शिकवी आणि ज्याला बाप नाही तो तसाच राही. मग यरुशलेममध्ये शिक्षक नेमले, तरी बाप असलेलाच तिथवर पोचे. अखेर पहिल्या शतकातले प्रधान याजक येहोशुआ बेन गामला यांनी गावोगाव शिक्षक बसवले. पुढे रावाने प्रमाणही घालून दिले: पंचवीस मुलांना एक शिक्षक, चाळीस झाली तर एक मदतनीस, आणि त्या मदतनिसाचा भार गावाने उचलायचा. ऑनलाइन शिक्षक हा तोच मदतनीस आहे. त्याचा खर्च एकट्या आई-बापावर टाकला तर आपण बेन गामलांच्या आधीच्या काळात परततो. शाळेची जबर फी भरून दमलेल्या घरात शिकवणी परवडणाऱ्याचेच मूल सावरणार.

शिक्षक नसले की काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाने शनिवारचा विसावा, सुंता, खाण्याचे नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना शतकानुशतके जपली. तालमूद मात्र त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, तेव्हा त्या घरोघरी अर्थासह म्हणता आल्या. अशा विखुरलेल्या लहान समाजांतल्या मुलांसाठी पडदा ही सोय नाही, पहिली संधी आहे.

हारेदी, म्हणजे अतिपारंपरिक ऑर्थोडॉक्स, समाजाचा मात्र इंटरनेटला विरोध आहे. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका स्टेडियममध्ये त्यासाठी प्रचंड सभा भरली होती. ती भीती मी हलकी लेखत नाही. पण २०२० च्या टाळेबंदीत त्याच समाजातल्या अनेक शाळांनी साध्या टेलिफोनवरून वर्ग चालवले. अडलेल्या मुलाला फोनवरचा एकटा शिक्षकही पुष्कळ पुरतो. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, सुरू झाला की तर सगळ्यांचेच पडदे मिटतात. मग शब्बाथच्या जेवणावर वडील विचारतात, या आठवड्यात काय शिकलास? शिकवणीची तयारी या प्रश्नासाठी व्हायला हवी: निदान एक आक्षेप आणि त्याचे उत्तर, मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता येईल असे. त्यासाठी वर्गशिक्षकाने पुढच्या आठवड्याचे पान शिकवणीच्या शिक्षकाला आधीच कळवावे. मूल वर्गामागे फरफटत जाण्याऐवजी त्या पानावर एकदा फिरून आलेले असेल, आणि वर्गात पहिला प्रश्न विचारणारा हात त्याचाही असू शकेल. एवढे शाळेने करावे, आणि पैसेही शाळेनेच द्यावेत.