परतलेल्या बंदिवानास जवळ करा

आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या शिवेपलीकडे, आटपाडीजवळ, औंध संस्थानाने १९३९ साली स्वतंत्रपूर ही भिंतीवाचून बंदिवानांची वसाहत वसविली. खुनाबद्दल शिक्षा झालेली माणसे तेथे बायकामुलांसह राहून शेत कसू लागली. विश्वास ठेविल्याने मनुष्य सुधारतो, हे त्या माळरानाने दाखविले.

परंतु शिक्षा भोगून गावी परतलेल्यास आपण मजुरी देत नाही, पंगतीस बसवीत नाही. मग तो पुन्हा जुन्या वाटेस लागतो. हा दोष एकट्या त्याचाच काय? अनेसिमास दास नव्हे, तर बंधू मानून घ्यावे, असे पौलाने बंदिवासातून फिलेमोनास लिहिले. उपदेशकहो, असा कोणी परत आल्यास त्यास मंदिरात आपल्याजवळ बसवा, आणि सोमवारी कोणाच्या तरी शेतावर काम मिळवून द्या. आमेन.